दार नंबर तीनवरचा मासा

माझ्या हातून झालेल्या बहुतेक घोडचुका मी उत्साहाच्या भरात केल्या आहेत. आळशी माणूस फारसं नुकसान करत नाही. बायको म्हणते, "तू नुसता बसून असलास ना, की घर कसं सुरक्षित वाटतं." ती हे कौतुकाने म्हणते असं मी धरून चालतो.

ही गोष्ट त्यातल्याच एका उत्साहाची. हसत हसत सांगावी म्हणून मित्रांच्या बैठकीत मी ती दोन-तीनदा सुरू केली आणि प्रत्येक वेळी एका आवाजापाशी येऊन अडलो. टक्. पत्र्याच्या डब्यावर नख मारल्यासारखा. त्या दिवसांत तो मी रोज ऐकत होतो आणि छपराच्या नावावर खपवत होतो.

ऑकलंडमध्ये माउंट वेलिंग्टनला मोटरवेच्या कडेला आमचं गोदाम आहे. आमचं म्हणजे एका अवाढव्य कोरियन कंपनीचं. घरात जे जे गार करतं, गरम करतं किंवा गरगर फिरतं, ते सगळं ही कंपनी बनवते. गोदामाला चिकटून ऑफिस. ऑफिसात सात माणसं थेट कोरियातून पाठवलेली, बाकीची इथली, आणि मी चाकणच्या कारखान्यातून उचलून आणलेला, सुटे भाग सांभाळणारा इंजिनिअर. इथली माणसं साडेचारला "सी या" म्हणून पसार व्हायची. कोरियन माणसं साहेब उठेपर्यंत उठायची नाहीत. मी साडेपाचला अर्धवट उठून उभा राहायचो आणि दोन्हीकडून वाईट ठरायचो.

कोरियन ऑफिसात नावाने हाक मारत नाहीत, हुद्द्याने मारतात. आमच्या विभागप्रमुखांचा हुद्दा बुजांग. त्याला 'निम' लावायचं, आपण 'साहेब' लावतो तसं. पहिला आठवडाभर मी त्यांना नुसतं 'बुजांग' म्हणत होतो, म्हणजे पुण्यात कुणी मोठ्या साहेबाला 'ए मॅनेजर' अशी हाक मारावी तसं. मी तोंड उघडलं की सगळ्या टेबलांवरचं टायपिंग थांबायचं. मला वाटायचं, माझे उच्चार ऐकून लोक थक्क होताहेत.

बुजांगनिम पन्नाशीचे, किडकिडीत, बोलायला मोजके. उन्हाळ्यातसुद्धा कंपनीचं राखाडी जाकीट. रोज सकाळी सातला ते गोदामातून एक फेरी मारत आणि दार नंबर तीनपाशी क्षणभर थांबून वर बघत. मग पुढे. मला वाटायचं मान मोकळी करताहेत.

एकदा जेवताना मी विचारलं, "बुजांगनिम, तुम्हाला हा देश आवडतो का?" असले प्रश्न मी फार विचारतो.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला नोव्हेंबरपर्यंत आवडायला हवा," म्हणाले.

मग कळलं, की त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. दहा वर्षांची असल्यापासून इंग्रजीत शिकलेली. मधेच कोरियात नेली तर तिथल्या शाळेत ती कुठेच बसणार नव्हती, दोन वर्षं तरी गेली असती. त्यांची इथली मुदत खरं म्हणजे संपली होती. विनवण्या करून त्यांनी एक वर्ष वाढवून घेतलं होतं. नोव्हेंबरात तिची परीक्षा झाली की ते सगळे मिळून परत जाणार होते.

"तोपर्यंत इथे काही घडू नये," ते म्हणाले. "आमच्याकडे काही घडलं, की कुणीतरी परत जातं. ज्याची सही असते तो जातो."

मी म्हटलं, "मी असताना काय घडणार?" हे मी खरोखर म्हटलं होतं.

आता माझ्या उत्साहाकडे येतो. या देशात कामगार आपल्यातला एक जण सुरक्षा प्रतिनिधी म्हणून निवडून देतात. आमच्याकडे निवडणूक झाली तेव्हा हात वर करणारा मी एकटाच होतो. मला एक पिवळंजर्द जाकीट मिळालं आणि त्या दिवसापासून मी कुणाला सुखाने जगू दिलं नाही. ऑफिसातून गोदामात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून येणाऱ्यांवर पाळत ठेवली. 'जँडल्स म्हणजे अपघाताला आमंत्रण' अशी पाटी स्वतःच्या खर्चाने लावली. फोर्कलिफ्ट चालवणारे एक वयस्कर सामोअन गृहस्थ आहेत, रविवारी चर्चमध्ये प्रवचन देतात, त्यांना सगळे 'अंकल' म्हणतात. त्यांनी मला 'शेरीफ' म्हणायला सुरुवात केली. मला ती पदवी वाटली.

जुलै संपता संपता, इथल्या ऐन हिवाळ्यात, सोलच्या मुख्य कचेरीतून बातमी आली, की तीन आठवड्यांनी तपासणी पथक येणार. त्या दिवसापासून सातही कोरियन माणसांचे चेहरे बदलले. कॉफीच्या मशीनपाशी कुणी बोलेना. एकाच्या हातून कप पडला तर बाकीचे सहा जण दचकून उभे राहिले. मी मात्र खुशीत. परीक्षेआधी वह्यांना कव्हरं घालणाऱ्या मुलासारखा मी पिवळं जाकीट चढवून, कॅमेरा घेऊन, गोदामातले धोके शोधत निघालो.

सोळा धोके सापडले. फाटकी चटई, लोंबणारी वायर वगैरे. सतरावा दार नंबर तीनवर.

दाराच्या चौकटीच्या वर, आतल्या बाजूला, खिळ्याला एक मासा टांगला होता. हातभर लांब, वाळून काठी झालेला, आ वासलेला. सबंध अंगाला पांढऱ्या सुताचे वेढे. डोळे सताड उघडे. मला शंकाच उरली नाही, की हा अंकलच्या हाताखालच्या पोरांचा वात्रटपणा. ती शनिवार-रविवार मासेमारीला जात. वीस पावलांवर सात कोरियन माणसं बसली होती. एकालाही विचारावंसं मला वाटलं नाही. शिडी लावली, फोटो काढला, मासा चिमटीत धरून कचऱ्याच्या लाल डब्यात टाकला. अहवालात फोटोतल्या माशाभोवती लाल वर्तुळ काढलं आणि लिहिलं: 'धोका: मृत मासा. उपाय: मासा काढला. स्थिती: पूर्ण.'

आमच्याकडे कुठलाही कागद संगणकावर एकेका साहेबाची मंजुरी घेत वर चढतो. मी पाठवला, की बुजांगनिम, मग शाखाप्रमुख, मग थेट सोल. तपासणीच्या धावपळीत बुजांगनिमांपुढे दिवसाला पन्नास कागद येत होते. माझ्या अहवालाला चार मिनिटांत मंजुरी मिळाली. मी शेजारच्याला म्हटलं, "बघ, माझं काम ते तपासतसुद्धा नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी मुद्दाम दार तीनपाशी उभा राहिलो. शाबासकी समोरासमोर घ्यावी म्हणून.

बुजांगनिम आले, थांबले, वर पाहिलं. खिळा होता.

"इथे काहीतरी होतं," ते म्हणाले.

"हो बुजांगनिम, मेलेला मासा. मी काढला. अहवालात आहे, सतरा नंबर."

"कुठे आहे?"

"लाल डब्यात होता. डबा काल संध्याकाळी गेला."

खिशातून हात काढले, पुन्हा घातले. मग "ठीक आहे" म्हणून खाली मान घालून, आल्या वाटेने परत गेले. पाठोपाठ ऑफिसात काहीतरी हळू आवाजात कोरियन बोलणं झालं आणि दिवसभरात सातही जण एकेक करून येऊन तो खिळा पाहून गेले. मला कुणी रागावलं नाही. उलट जास्तच अदबीने वागले, मयताच्या घरी वागतात तसे.

त्या दिवसापासून त्यांनी दार तीन सोडलं. पावसात भिजत, वळसा घालून दार दोनने ये-जा करायचे. बुजांगनिमांची सकाळची फेरीही दोनवरून. तिकडच्या रॅकांच्या गल्लीत आता अंकल, मी आणि तो आवाज एवढेच उरलो. सकाळी हवा गार असायची तेव्हा जास्त यायचा. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक्. वर पाहिलं तर नुसता अंधार आणि चार मजले धुलाई यंत्रांची खोकी.

"छपराचा पत्रा," मी म्हणायचो. "थंडीने आकसतो."

अंकल फोर्कलिफ्ट पुढे काढायचे. एक दिवस त्यांनी फोर्कलिफ्ट बंद केली आणि म्हणाले, "ब्रो, तो मासा तू काढलास?"

"हो. उंदीर येतात त्याने."

"पाच वर्षं लटकत होता. आला एक तरी उंदीर?"

"नाही, पण येऊ शकला असता."

"तुझ्या गाडीत आरशाला ते काय लटकतं? पिवळं आणि हिरवं?"

माझ्या गाडीत लिंबू-मिरची लटकते. तुळशीबागेतून आणलेली, प्लॅस्टिकची. "ते प्लॅस्टिकचं आहे, अंकल. कुजत नाही."

"मग मी काढून टाकू का?"

"नको," मी म्हटलं. इतक्या झटकन म्हटलं, की माझं मलाच ऐकू आलं.

अंकलनी मान डोलावली आणि फोर्कलिफ्ट चालू केली.

दुपारी मी बुजांगनिमांच्या टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. अर्धवट वाकलो, अर्धवट हात जोडले, एकूण पोट दुखणाऱ्या माणसासारखा दिसलो असणार. त्यांनी मला बाहेर पार्किंगमध्ये नेलं. भुरभुर पाऊस होता. आम्ही दोघं पत्र्याच्या वळचणीला उभे राहिलो आणि ते माझ्याकडे न बघता बोलले.

इथे येण्याआधी ते कंपनीच्याच दुसऱ्या देशातल्या गोदामात होते. तिथे एक रॅक कोसळलं. खाली खोकी बांधणारा एक माणूस होता, सव्वीस वर्षांचा. आदल्या आठवड्यात 'रॅक तपासलं' अशा कागदावर बुजांगनिमांनी सही केली होती.

"तपासलं नव्हतं?" मी विचारलं.

"ज्याने तपासलं तो म्हणाला, तपासलं. मी पाहिलं नव्हतं."

इथे बदली झाली तेव्हा त्यांच्या आईने तो मासा दिला. कोरियात नव्या जागेत असा मासा टांगतात. त्याचे डोळे मिटत नाहीत, म्हणून तो पहाऱ्याला. सूत म्हणजे लांब आयुष्य, आत वावरणाऱ्या सगळ्यांचं. सुताचे वेढे आईने स्वतः दिले होते. ऑकलंडच्या विमानतळावर सामान तपासणाऱ्याने विचारलं, हे कशाला? तर यांनी सांगितलं, सूपला.

"या देशात मी बोललेलं एकच खोटं," ते म्हणाले.

"मग आईंना सांगून दुसरा मागवू या. खर्च माझा."

"आई दोन वर्षांपूर्वी गेली."

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "बुजांगनिम, तुमचा खरंच यावर विश्वास आहे?"

"मी इंजिनिअर आहे," ते म्हणाले. "पण त्याच्यामुळे मी रोज वर बघायचो."

शनिवारी मी नॉर्थ शोअरला एका कोरियन किराणा दुकानात गेलो. मी ज्या घरात वाढलो तिथे अंडंसुद्धा गॅलरीत स्टोव्हवर उकडलं जायचं, आणि त्याचं भांडं वेगळं असायचं. असा मी वाळक्या माशांच्या ढिगापुढे उभा होतो. दुकानदारीणबाईंनी मला जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "सूपला की टांगायला?"

"टांगायला."

त्यांनी सूपचे मासे बाजूला सारले आणि आतून दुसरा गठ्ठा आणला, डोक्यासकटचा. एकेकाचे डोळे निरखत, वांगी निवडावीत तसा एक निवडला. मी तो गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि वळणांवर घसरू नये म्हणून पट्टा लावला. दार उघडणारी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो ग्रोस," आणि आपल्या खोलीत गेली.

प्रश्न सुताचा होता. ते घरात होतं. जूनमध्ये वटपौर्णिमेला बायको आणि तिच्या मैत्रिणी जॅकेटं-टोप्या चढवून पार्कात गेल्या होत्या. तिथे एक अंजिराच्या जातीचं जुनं प्रचंड झाड आहे, वडाचा चुलतभाऊ शोभेल असं. यांनी फेऱ्या घातल्या, सूत गुंडाळलं. तेवढ्यात पार्काची देखभाल करणारा माणूस आला आणि म्हणाला, हा कचरा काढा, पक्ष्यांचे पाय अडकतात. बायकोने मुकाट्याने सगळं सूत सोडवून, गुंडी करून घरी आणलं होतं आणि देवापाशी ठेवलं होतं. त्या माणसाविरुद्ध मी तीन पानी ईमेल पाठवलं होतं. 'दुसऱ्याच्या श्रद्धेला कचरा म्हणण्याआधी निदान विचारण्याचं सौजन्य' असं एक वाक्य त्यात होतं. ते मला इतकं आवडलं होतं, की मी पुण्याला भावालाही पाठवलं होतं.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"त्या माणसाला तू काय लिहिलं होतंस, आठवतं? वाचून दाखवू?"

"नको."

"त्याने निदान सूत परत तरी दिलं."

मी मासा टेबलावर ठेवून सुताला हात घातला. ती म्हणाली, "पार्सल बांधतोयस का? इकडे दे." आणि स्वतः बसली. माशाला हात लावताना एकदाच तोंड वाकडं केलं, मग शांतपणे, एकाला एक चिकटून, वेढे देत गेली. मधेच म्हणाली, "सात जन्मांचं आहे हे. त्यातलं थोडं तुझ्या साहेबांना गेलं तर जाऊ दे. मला सहा पुरतील."

तपासणीच्या दिवशी पावणेसातला मी आणि अंकल दार तीनपाशी होतो. बाहेर अजून धड उजाडलं नव्हतं. अंकलनी शिडी धरली आणि मी चढत असताना आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटले. मासा खिळ्यावर अडकवला. खाली उतरलो आणि दोघंही उगाच हळू बोलू लागलो.

सातला बुजांगनिम आले. मी बोलावलं होतं. तीन आठवड्यांनी ते पहिल्यांदा त्या दारापाशी आले. वर पाहिलं. पाहत राहिले.

"कुणी गुंडाळला?"

"माझ्या बायकोने."

ते किंचित वाकले. मला नाही, माशाला, किंवा बायकोला. मग म्हणाले, "तोंड आत हवं. हा बाहेर बघतोय."

मी शिडीकडे वळलो, तर त्यांनी मला थांबवलं आणि स्वतः चढले. दोन्ही हातांनी मासा फिरवला, त्याचं तोंड रॅकांकडे केलं आणि नीट बसलाय का ते पाहायला त्याच्या डोक्यामागून, तो पाहतो आहे त्या दिशेने पाहिलं.

खाली यायला पाहिजे होते. आले नाहीत.

"बुजांगनिम?"

टक्.

"त्या रॅकखालून कुणी जाऊ नका," ते वरूनच म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता.

रॅकच्या कडेचा पोलादी पाय, जमिनीपासून दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, आत दुमडला होता. गुडघ्यात वाकल्यासारखा. कधीतरी कुणाच्या तरी फोर्कलिफ्टचं पातं तिथे बसलं असणार. खालून पाहिलं तर खोक्यांच्या आड जायचा. शिडीवरून स्वच्छ दिसत होता. त्याच्यावर आणखी दोन मजले धुलाई यंत्रं. तीन आठवडे त्या पायाने केसभर केसभर खाली बसत तो आवाज केला होता, आणि मी त्याच्याखालून पिवळं जाकीट घालून फिरत होतो.

अंकलनी घड्याळ पाहिलं. "बॉस, ते नऊला येणार. चारला जाणार. दार बंद ठेवू, समोर नारिंगी शंकू लावू, रंगकाम चाललंय म्हणून सांगू. उद्या निवांत काढू. तुमची मुलगी..."

अंकलना मुलीचं माहीत होतं. सगळ्यांनाच होतं.

बुजांगनिम शिडीच्या शेवटच्या पायरीवर बसले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, असं ते मोजताना मला जवळजवळ ऐकू येत होतं.

"आत्ता काढा," ते म्हणाले. "वरून सुरुवात करा. लांबच्या बाजूने."

पथकात दोघं जण होते, काळ्या कोटातले. एक वयस्कर, चष्म्याचा. एक तरुण, सतत लॅपटॉपवर. ते आले तेव्हा गल्ली बंद होती, डिलिव्हरीचे तीन ट्रक बाहेर तुंबले होते आणि अंकल इंचाइंचाने वरची खोकी उतरवत होते. बुजांगनिमांनी त्यांना रॅकचा पाय दाखवला आणि सांगितलं, आज सकाळी दिसला. वयस्कर माणसाने मान हलवली. मला हायसं वाटलं.

अकरा वाजता मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. बुजांगनिम आधीच बसले होते. भिंतीवरच्या पडद्यावर माझा फोटो होता. सतरा नंबर.

तरुणाने पेन रोखलं. "हे काय आहे?"

"मासा," मी म्हटलं.

"आणि हे?"

लाल वर्तुळापासून दोन बोटांवर, माशाच्या उघड्या तोंडासमोर, रॅकचा दुमडलेला पाय होता. रंग उडून पोलाद चकाकत होतं. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

"तीन आठवड्यांपूर्वीचा फोटो आहे," वयस्कर माणूस म्हणाला. "खाली यांची मंजुरी आहे. आणि हे म्हणतात, आज सकाळी दिसला."

बुजांगनिम पडद्यावरच्या माशाकडे पाहत होते. आता मी बोलणार होतो. मला त्यांना वाचवायचं होतं, नोव्हेंबरपर्यंत न्यायचं होतं, आणि माझ्यापाशी त्याचा पुरावा होता. इतका सरळ, इतका बिनतोड, की माझी छाती फुगली.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "फोटो मी काढला, वर्तुळ मी काढलं, आणि मला पाय दिसला नाही. तसं लिहून घ्या. पण बुजांगनिम खोटं बोलत नाहीत. त्यांना माहीत असणं शक्यच नाही. त्यांनी अहवाल उघडलाच नव्हता. उघडला असता तर त्यांना हा मासा दिसला असता, आणि तो त्यांनी मला डब्यातून काढून तिथल्या तिथे परत टांगायला लावला असता. त्यांनी न उघडताच मंजुरी दिली."

तरुणाचा टायपिंगचा हात थांबला.

"न उघडता," वयस्कर माणूस म्हणाला.

बुजांगनिमांनी डोळे मिटले. मी तोंड बंद केलं, पण तोवर वाक्य टाइप होऊ लागलं होतं.

तेवढ्यात गोदामातून तो आवाज आला. आधी एकच, ओळखीचा. मग एक लांबलचक कण्हणं, आणि मग धाडकन. जमीन हलली, टेबलावरचं पाणी हललं. आम्ही धावलो. रिकामं रॅक गुडघ्यावर बसलं होतं, त्याची वरची टोकं दार तीनच्या चौकटीला टेकली होती. अंकल वीस पावलांवर फोर्कलिफ्टमध्ये बसून होते, शेवटचं खोकं अजून पात्यांवर. "सगळे ठीक," ते म्हणाले. "सगळे ठीक आहेत." चौकटीवर मासा डुलत होता.

बुजांगनिमांनी माणसं मोजली. बोटाने, मोठ्याने, दोनदा.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांना परत बोलावलं. कागदावर कारण होतं: खातरजमा न करता मंजुरी. बायको आणि मुलगी परीक्षेसाठी इथेच राहिल्या, दोन खोल्यांच्या युनिटमध्ये. बायकापोरं परदेशी ठेवून एकट्याने मायदेशी राहणाऱ्या आणि वर्षातून एकदा उडत येणाऱ्या बापाला कोरियन लोक रानहंस म्हणतात. हे मला त्यांनीच सांगितलं, निघायच्या दिवशी, दार तीनपाशी. तिकडे आपल्याला टेबल मिळेल की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "बुजांगनिम, मी त्या दिवशी तसं बोललो नसतो तर..."

"खरंच होतं ते," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा खरं होतं." मग वर पाहिलं. "दर सोमवारी मला याचा फोटो पाठवत जा."

मला ताकीदपत्र मिळालं. सुरक्षा प्रतिनिधीची निवडणूक पुन्हा झाली. या वेळी मी हात वर केला नाही. अंकलनी माझा धरून वर केला.

दर सोमवारी सातला मी शिडीवरून फोटो काढतो. पाठवण्याआधी तो मोठा करून, मासा सोडून बाकीचा सगळा पाहतो. कोपरा, बोल्ट, पाय. मग पाठवतो. सोलमध्ये तेव्हा भल्या पहाटेची वेळ असते, तरी पाच मिनिटांत उत्तर येतं. एकच शब्द: पाहिलं.

गेल्या सोमवारी उत्तर आलं नाही. त्याच्या आधीच्या सोमवारीही नाही. परीक्षेला तीन आठवडे आहेत. त्यांच्या पत्नीला फोन करावा असं रोज मनात येतं आणि मी काय बोलून बसेन या भीतीने करत नाही.

आज सकाळी फोटो काढून उतरत होतो. गल्लीच्या दुसऱ्या अंगाला, जिकडे माशाची पाठ आहे, टक् असं झालं.

अंकलनी फोर्कलिफ्ट बंद केली. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो.

"छपराचा पत्रा असेल, ब्रो," अंकल म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी शिडी उचलली आणि तिकडे नेऊन लावली.